सोय म्हणून आलेला पापुद्रा

ऑक्साइडच्या अतिपातळ थरावर मोजक्या अणूंचे इवलेसे पुंजके आपसूक, मोजून मापून ठेवल्यासारखे बसतात. मुळात हा थर आला तो अडचण टाळायला.

१९८१ मध्ये झुरिचजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी पृष्ठभागावरचे अणू दाखवणारा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप बनवला. १९८६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण सुई आणि नमुना यांच्यात वीज वाहिली तरच तो चालतो, आणि उत्प्रेरकांचे कण ज्यांवर बसवतात ते नेहमीचे आधार, म्हणजे अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) यासारखी ऑक्साइडे, पडली विद्युतरोधक.

मग जाड ऑक्साइड घ्यायचेच कशाला? निकेल-अ‍ॅल्युमिनियमचा स्फटिक निर्वातात ऑक्सिजन देऊन तापवला की त्यावर जेमतेम अर्धा नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनाचा पापुद्रा चढतो. इलेक्ट्रॉन त्यातून सहज पार होतात. जर्मनीतल्या बोखुममध्ये हान्स-योआखिम फ्रॉइंड यांच्या गटाने १९९१ मध्ये हा थर नीट अभ्यासला. त्यातले अणू नेमके कसे बसलेत, हे कळायला २००५ उजाडले. ते कोडे व्हिएन्नात सुटले.

इथून गोष्ट फिरली. प्लॅटिनमवरचा आयर्न ऑक्साइडचा एकेरी थर खालच्या अणूंच्या जाळीशी पुरता जुळत नाही. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरले की जशी मोठी नक्षी उमटते, तशी इथे सुमारे अडीच नॅनोमीटरच्या अंतराने उमटते. अ‍ॅल्युमिनियम कमी असलेल्या दुसऱ्या निकेल मिश्रधातूवर तर अ‍ॅल्युमिनाला ४.१ नॅनोमीटर अंतरावर थेट धातूपर्यंत जाणारी भोकेच सापडली. २००७ मध्ये दिसले की त्या भोकांत पॅलेडियम अडकते आणि त्यावर लोहाचे किंवा कोबाल्टचे पुंजके रांगेने वाढतात. रांगोळीचे ठिपके आधीच काढून ठेवलेले!

पुंजके ऑक्साइडचेच हवे असतील तर आणखी एक पेच: सगळे एकाच मापाचे आणायचे कुठून? टंगस्टन ऑक्साइडने तो आपणहून सोडवला. त्याची भुकटी निर्वातात तापवली की वाफेत मुख्यतः टंगस्टनचे तीन आणि ऑक्सिजनचे नऊ अणू असलेली कडी निघतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेच्या गटाने २००६ मध्ये ती टायटॅनियम डायऑक्साइडवर एकसारखी बसवून दाखवली. (हा पृष्ठभाग जाड स्फटिकाचा, पण निर्वातात तापवल्यावर थोडा ऑक्सिजन गमावतो आणि वीज वाहू देतो.)

ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये फाल्को नेट्झर यांच्या गटाने हीच कडी ऑक्सिजन बसवलेल्या तांब्यावर सोडली आणि तापवली. तिथे मात्र ती टिकली नाहीत. खालच्या तांबे-ऑक्सिजनशी संयोग पावून त्यांचा कॉपर टंगस्टेटचा नवाच सपाट थर झाला.