कोटा आणि शहाबादी: स्वयंपाकघरात कोणती, मागच्या दारी कोणती

जळगाव-धुळ्याकडे घर बांधायला काढलं की सळई, सिमेंट, विटा यांवर घरात महिनोन्‌महिने चर्चा चालते. फरशीचा निर्णय मात्र वखारीत उभ्या उभ्या होतो. स्वयंपाकघराला कोटा टाकायचा ठरवून गेलेला माणूस "तीच आहे हो, थोडी स्वस्त पडेल" या शब्दावर शहाबादी घेऊन येतो. दोन्ही दगड राखाडी-निळसर, दोन्ही चौकोनी, दोन्हींवर वखारीची धूळ बसलेली. शेजारी शेजारी उभे करून ठेवले तर नवख्याला वेगळे ओळखू येत नाहीत. पण ते वेगळे आहेत, आणि घरातल्या त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. ही जागांची अदलाबदल झाली की तिचा त्रास घरातल्या बाईला रोज होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या खान्देशाच्या पोटात बहुतेक सगळा काळा बेसाल्ट. पाटा-वरवंट्याला, जात्याला, पायाच्या बांधकामाला तो उत्तम, पण पातळ सपाट थरांत तो निघत नाही. त्यामुळे जमिनीवर अंथरायचा दगड आपल्याकडे बाहेरूनच येतो. शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, शहाबाद-वाडी-चित्तापूरच्या पट्ट्यातून. कोटा येतो राजस्थानातल्या रामगंजमंडी आणि झालावाडच्या खाणींतून. राष्ट्रीय महामार्ग ५२ कोटा, झालावाड, इंदूर, सेंधवा असा येऊन शिरपूरवरून धुळ्यात उतरतो आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, बीड करत सोलापूरकडे जातो. म्हणजे एकाच रस्त्याच्या वरच्या टोकाकडून कोटा येतो, खालच्या टोकाकडून शहाबादी, आणि आपण मधोमध. दोन्ही दगड आपल्याकडे इतके सहज मिळतात आणि इतके सहज एकमेकांत मिसळतात, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण दगडातच आहे. दोन्ही चुनखडक आहेत, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा थेंब टाकून पाहायची युक्ती काही जण सांगतात. ती कोटा आणि शहाबादी वेगळी करायला उपयोगाची नाही, कारण दोन्हींवर बारीक बुडबुडे येतात आणि दोन्हींवर फिकट डाग राहतो. ग्रॅनाइट म्हणून कुणी पॉलिश केलेला कडप्पा गळ्यात मारत असेल तर मात्र हा थेंब कामाला येतो. कडप्पाही चुनखडकच, ग्रॅनाइटवर असं काही होत नाही.

मग ओळखायचं कसं? सोबत पाण्याची बाटली न्या आणि फरशी ओली करा. कोटा ओला झाला की त्याचा निळसर-हिरवा रंग एकदम वर येतो. तपकिरी कोटाही असतो, पण आपल्याकडे जास्त चालतो तो हा हिरवटच. शहाबादी ओली झाली की पाटीसारखी गडद राखाडी होते. काही लाद्यांत पिवळसर झाक दिसते. त्यानंतर फरशी उभी करून तिची कड पाहा. कोट्याची कड बहुधा मशीनवर कापलेली, सरळ, जाडी बऱ्यापैकी सारखी. शहाबादीची कड अनेकदा छिन्नी-हातोडीने घडवलेली असते, आणि एकाच लादीची जाडी एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी भरते. कडेला थर जवळून पाहा. नखाने किंवा किल्लीने ओढल्यावर पापुद्रा सुटायला लागला तर ती लादी बाजूला ठेवायला सांगा, मग ती कोणत्याही नावाची असो. मशीनकट शहाबादीही मिळते, त्यामुळे नुसत्या कडेवर भरवसा ठेवू नका. रंग आणि कड दोन्ही पाहा. बिलावर दगडाचं नाव लिहून घ्या.

खरा फरक पॉलिशचा. कोटा घट्ट, बारीक कणांचा दगड आहे. तो जमिनीवर बसवून मशीनने घासला की चढत्या बारकाईचे दगड लावत लावत आरशासारखा चमकवता येतो. शहाबादीलाही पॉलिश होतं, पण ती चमक कोट्याइतकी चढत नाही आणि टिकतही नाही. तिचं बळ तिच्या खडबडीतपणात आहे. ओल्या पायाला ती धरून ठेवते.

आता आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. ओटा आला, गॅस आला, तरी आपल्याकडचं निम्मं काम अजून जमिनीवर होतं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया, बिबड्या करायला आई, काकू, शेजारच्या दोघी-तिघी जमिनीवरच बसतात. भरताची वांगी सोलायची तर परात खाली, मेथीची जुडी निवडायची ती खाली, पाहुणे आले की पंगतही तिथेच. पीठ सांडतं, तेलाचे थेंब पडतात, शेवभाजीची तर्री वाढताना ओघळते. अशा जमिनीवर खडबडीत शहाबादी असेल तर पीठ आणि तेल तिच्या खाचांत जाऊन बसतं. पोछा फिरवला तरी बोटाला चिकट लागतंच, आणि रोज घासणाऱ्या हाताला ते नको होतं. म्हणून माझं मत स्वच्छ आहे: आतल्या स्वयंपाकघराला कोटा.

पण आरसा पॉलिश नको. दुकानदार आणि पॉलिशवाला दोघेही ते सुचवतात, कारण पहिल्या दिवशी ते फार देखणं दिसतं. त्याच जमिनीवर तेल आणि पाणी एकत्र सांडलं की पाय सरकतो, आणि घरात वयस्कर माणसं असतील तर ते धोक्याचं आहे. पॉलिशवाल्याला आधीच सांगा की फरशी गुळगुळीत हवी, चमक मध्यम हवी. शेवटचे बारीक दगड लावायचे नाहीत. त्याने जमीन सहज पुसली जाते आणि पायही टिकतो.

मागच्या दारचं गणित उलटं. मोरी, धुणं-भांड्याची जागा, पाण्याच्या टाकीजवळचा कट्टा इथे सतत पाणी. इथे पॉलिश कोटा टाकणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. इथे जाड, खडबडीत शहाबादी हवी. धाब्याची घरं पाडून नवी बांधताना जुन्या शहाबादी लाद्या निघतात. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात, पण मधला दगड धड असतो. त्या फेकू नका. मागच्या दारी त्या नव्या लाद्यांपेक्षा चांगल्या बसतात, कारण ज्यांचा पापुद्रा सुटायचा होता त्यांचा केव्हाच सुटून गेलेला असतो.

एक जपायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मागच्या दारी चूल मांडून खापरावर पुरणपोळ्या होतात, हिवाळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातात. तो विस्तव थेट लादीवर नको. चुनखडक तापला आणि त्यावर पाणी पडलं की वरचा थर टवका होऊन उडतो. चुलीखाली विटांचा थर किंवा मातीचा ओटा करा, नाहीतर तेवढी जागा फरशीविना सोडा.

उन्हाळ्याचंही विचारलं जातं, आणि भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत ते विचारणं बरोबरच आहे. तळमजल्यावर, सावलीत दोन्ही दगड पायाला गार लागतात. त्यात उजवं-डावं करण्यासारखं काही नाही. उघड्या अंगणात दोन्ही सारखेच भाजतात.

आता ज्यामुळे आपल्याकडे सगळ्यात जास्त फरशा खराब होतात, त्याकडे येतो. आपल्याकडे बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड. भांडी वाळली की त्यांवर पांढरा थर, नळाच्या तोंडाशी पांढरी खरपुडी, आणि जमिनीवर पाणी साचतं तिथे पांढरट कडं. हे कडं काढायला लोक बाथरूमचं ॲसिड आणतात. ते ओतलं की फसफस होते, थर निघतो, आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आणि खालची फरशीही कॅल्शियम कार्बोनेटची. ॲसिडला त्यातलं कोणतं काढायचं आणि कोणतं ठेवायचं हे कळत नाही. थराबरोबर फरशीचं पॉलिशही विरघळतं, दगडाची छिद्रं उघडी पडतात, आणि पुढच्या वेळी क्षार तिथे आणखी घट्ट बसतो. मग आणखी ॲसिड. काही वर्षांत सिंकखालची कोटा फरशी खडूसारखी पांढरी आणि खरखरीत होते, आणि बोल लागतो दगडाला.

हेच घर ताब्यात देतानाही घडतं. रंगाचे आणि सिमेंटचे डाग काढायला मजूर सगळ्या घरभर पातळ ॲसिड फिरवतात. सिरॅमिकच्या टाइल्सना ते बहुधा चालून जातं, पण कोटा आणि शहाबादी दोघांनाही ते मारक आहे. मिस्त्रीला हे काम सुरू होण्याआधी बजावून सांगा, आणि त्या दिवशी स्वतः तिथे उभे राहा. डाग पत्र्याच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडून निघतात. रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण पुरतो. लिंबाच्या वासाची लादी पुसायची बाटली घेताना मागची चिठ्ठी वाचा. त्यात आम्ल असेल तर परत ठेवा. चिंचेचा कोळ, कैरीचं पाणी, ताक सांडलं तर तिथल्या तिथे पुसा. केळीचा चीकही ताजा असतानाच पुसलेला बरा, वाळला की तपकिरी डाग धरतो. वरून सीलर लावला तर तेलाचे डाग कमी मुरतात, पण लिंबा-चिंचेचा चट्टा त्याने थांबत नाही, हे लावणारा सांगेलच असं नाही.

दारातून येणाऱ्या रेतीकडेही लक्ष हवं. या दोन्ही दगडांत मुख्यतः असतं ते कॅल्साइट; त्याचा कठीणपणा मोह्‌सच्या मोजणीत ३, रेतीतल्या क्वार्ट्‌झचा ७. पायाखाली आलेली रेती पॉलिशवर रोज ओरखडे काढते. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जाड पायपुसणं आणि पुसण्याआधी झाडू, एवढ्याने पॉलिशचं आयुष्य पुष्कळ वाढतं. आणि चमक गेलीच, तरी कोट्याचा मोठा गुण असा की तो पुन्हा घासता येतो. टाइलचा वरचा थर एकदा गेला की टाइल बदलावी लागते. कोट्याला मशीन फिरवली की खालून नवा दगड वर येतो.

बसवताना दोन्हींना एकच अडचण, आणि ती आपल्या काळ्या मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. जोत्याच्या भरावात ती राहिली तर वरची फरशी कितीही चांगली असो, एका बाजूने खचते किंवा उचलते. भरावाला मुरूम घ्या, तो थराथराने पाणी मारून धुम्मस करून बसवा, त्यावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि काँक्रीटचा थर, मग फरशी. घाईत हे वगळलं जातं, कारण वर फरशी बसली की खालचं कुणाला दिसत नाही. बसवून झाल्यावर आणि खालचा सिमेंट-वाळूचा माल सुकल्यावर प्रत्येक लादीवर थापीची मूठ आपटून ऐका. पोकळ वाजली तर ती तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्या. त्याच लादीवर पुढे कुकर पडला की ती तडकते. शहाबादीची जाडी कमी-जास्त असल्याने तिच्याखालचा मालही कमी-जास्त भरावा लागतो, म्हणून तिथे हे जास्त बारकाईने पाहा.

कोट्याचं घासकाम ट्रॉल्या आणि कपाटं लागायच्या आधी उरकून घ्या. घासताना निघणारा ओला रगडा भिंतीवर फूटभर उडतो आणि लाकडात गेला तर निघत नाही. पहिल्या घासणीनंतर सांधे फरशीच्या रंगाचं सिमेंट करून भरून घ्या. पांढरे सांधे हळदीने लगेच पिवळे पडतात. अंदाजपत्रकात दगडाचा दर, बसवण्याचा दर आणि पॉलिशचा दर वेगवेगळे मागा. ब्रासने बोलणी चालली असतील तर १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट धरून हिशेब करा. शहाबादी दगड स्वस्त वाटतो, पण हाताने घडवलेल्या लाद्यांत तूट जास्त येते आणि बसवायलाही वेळ लागतो. एकूण रकमेत फरक बराच कमी होतो.

राहिली ती दोन दगडांची गाठ, मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी. तिथे कोटा वर आणि शहाबादी निदान अर्धा इंच खाली ठेवा, आणि शहाबादीला मोरीच्या दिशेने उतार द्या. दोन्ही सपाट एका पातळीत घेतले तर धुण्याचं पाणी पॉलिश केलेल्या फरशीवर येतं. गवंडी लेव्हल लावत असतानाच हे सांगायला हवं, माल वाळल्यावर दुरुस्त करता येत नाही.