पोटदुखी खरी आहे, मग शाळा सोडायची का?

शाळेला घाबरणाऱ्या मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावं का, हा प्रश्न पालकांना पडतो. शाळेच्या दिवशी दुखणारं पोट रविवारी दुखत नाही, म्हणून ते नाटक ठरवायची मोठ्यांना घाई असते. पण ते दुखणं बहुतेक वेळा खरंच असतं. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला हा धोका ओळखणारा भाग शरीराला सावध करतो, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, पचनाचं काम मागे पडतं. मळमळ, डोकेदुखी, पोटात कळा. समोर वाघ असो की गणिताचा तास, शरीराची तयारी तीच. (तरी डॉक्टरांना एकदा दाखवावंच, प्रत्येक पोटदुखी भीतीची नसते.)

१९४१ साली अमेरिकेत अ‍ॅडलेड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी शाळेच्या या भीतीला 'स्कूल फोबिया' म्हटलं. त्यांच्या मते मूळ होतं आईपासून दूर होण्याच्या भीतीत. पुढे हे स्पष्टीकरण तोकडं पडलं. १९९०मध्ये ख्रिस्तोफर केअर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन यांनी वेगळा प्रश्न विचारला: शाळेत न जाऊन मुलाला काय साधतं? त्यांना चार उत्तरं दिसली. शाळेतल्या एखाद्या गोष्टीने होणारी घालमेल टळते. चारचौघांत बोलणं, परीक्षा अशा प्रसंगांतून सुटका होते. आईबाबांचं लक्ष आणि सहवास मिळतो. किंवा घरी शाळेपेक्षा मजेचं काही असतं. एकाच मुलात दोन-तीन कारणं गुंतलेली असू शकतात.

घरीच शिकवावं का, याचं उत्तर 'न जाऊन काय साधतं' या प्रश्नाशी बांधलेलं आहे. 'बरं, आज नको जाऊस' म्हणताच मुलाची छातीतली धडधड थांबते. त्या सुटकेतून मेंदू एक धडा घेतो: टाळलं की बरं वाटतं. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. प्रत्येक टाळलेल्या दिवसाने भीती पक्की होत जाते, कारण तिथे गेल्यावर काही वाईट होत नाही हे अनुभवायची संधीच हुकते. म्हणून विरहाची किंवा परीक्षेची भीती असलेल्या मुलाला घाईघाईने घरी बसवणं मला धोक्याचं वाटतं. तिथे उपचार असतो तो पायरीपायरीने परतण्याचा: आधी फाटकापर्यंत, मग आवडीचा एक तास, मग अर्धा दिवस. यात जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी सुरक्षिततेची नवी आठवण तयार होते. त्यामुळेच मोठ्या सुट्टीनंतर भीती पुन्हा डोकं वर काढते आणि पालकांना वाटतं, सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं.

पण मुलाला तिथे खरोखर कुणी छळत असेल तर? मग त्याचा मेंदू बरोबर सांगतोय. अशा मुलाला धीराने सामोरं जायला शिकवणं हा अन्याय आहे. छळ थांबायला हवा किंवा शाळा बदलायला हवी. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला वर्गातला गोंगाट असह्य होत असेल, किंवा वाचनातली अडचण कुणाच्या लक्षातच आली नसेल, तर आधी तपासणी हवी. निदान न झालेला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली ती अडचण, घरी आला तरी डिस्लेक्सियाच राहतो.

गृहशिक्षण मुळातच वाईट, असं मात्र नाही. कॅनडात २०११ साली सँड्रा मार्टिन-चँग यांच्या गटाने घरी शिकणाऱ्या ३७ आणि शाळेत जाणाऱ्या ३७ मुलांची तुलना केली. आखीव पद्धतीने घरी शिकणारी मुलं शाळकरी मुलांच्या पुढे होती. कसलीच आखणी नसलेली मात्र मागे पडलेली दिसली. अभ्यास लहान होता, शिवाय ही कुटुंबं आपणहून सहभागी झालेली, तेव्हा निष्कर्ष जपूनच वापरावा. आणि त्यांनी घर निवडलं होतं. शाळेला घाबरून घरी राहिलेल्या मुलाची गोष्ट वेगळी.

तरीही निर्णय घरी शिकवण्याकडे झुकलाच, तर तो रडारड चालू असलेल्या सकाळी घेऊ नये. दिवसा घरी कोण असेल, काय शिकवेल, बरोबरीची मुलं कुठे भेटतील हे आधी ठरवावं. भीतीवरचे उपचार शाळेबरोबर बंद करू नयेत. आणि तीन-चार महिन्यांनी फेरविचार करायची तारीख आताच लिहून ठेवावी, मुलालाही सांगावी.