बायकोचा रिपोर्ट हा नवऱ्याचा रिपोर्ट नव्हे

गेल्या महिन्यात इंदूरला, लोकमान्य नगरात, भाचेसुनेचं डोहाळजेवण झालं. ओटी भरून झाली, झोपाळ्यावरचे फोटो झाले, आणि मग तिने कौतुकाने मला आपली दवाखान्याची फाइल दाखवली. चांगली बोटभर जाड. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, सोनोग्राफ्या, कावीळ बी, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल, एचआयव्ही. एवढ्या चळतीत नवऱ्याच्या वाट्याला एकच ओळ आली होती, त्याचा रक्तगट.

“आणि तुझी एचआयव्हीची जाँच?” मी भाच्याला विचारलं. इंदुरात आपण मराठी माणसंही तपासणीला जाँचच म्हणतो.

“मावशी, तिची निगेटिव्ह आली ना! मग माझी वेगळी कशाला?”

मुलगा इंजिनियर आहे, आकडेमोड त्याला शिकवायला नको. पण बहुतेक घरांत हाच हिशेब चालतो: दोघं एका घरात राहतात, तेव्हा एकाला असेल ते दुसऱ्याला असणारच. पडसं-खोकल्याला हे चालून जाईल. एचआयव्हीला नाही, कारण या विषाणूचा प्रसार लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ संथ आहे.

संसर्ग असलेल्या आणि औषधं न घेणाऱ्या पुरुषाकडून स्त्रीला एका संबंधात लागण होण्याची शक्यता सरासरीने दहा हजारांत ८ च्या आसपास धरतात. वर्षाला शंभर वेळा संबंध आला असं मानून हिशेब केला, तर वर्षअखेरीस लागणीची शक्यता ८ टक्क्यांच्या जरा खाली येते. म्हणजे अशा शंभर बायकांपैकी साधारण ९२ जणी वर्षभरानंतरही निगेटिव्हच असतील, नवरा पॉझिटिव्ह असूनसुद्धा. ही झाली सरासरी. गुप्तरोगाच्या जखमा असतील किंवा नवऱ्याला नुकतीच लागण झाली असेल, तर आकडा बराच चढतो. पण एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी जोडपी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, ही काउन्सेलर मंडळींच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. बायकोचा निगेटिव्ह रिपोर्ट फक्त बायकोबद्दल बोलतो, आणि तेही त्या दिवसापुरतंच.

खरी अडचण पुढच्या महिन्यांत आहे. आफ्रिकेतल्या अडीच हजारांहून जास्त अशा जोडप्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की स्त्रीला लागण होण्याची दर संबंधामागची शक्यता, एरवीच्या तुलनेत, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जवळजवळ तिप्पट आणि बाळंतपणानंतरच्या काळात चौपट होते. वर्तणुकीतला फरक वजा करूनही हे उरलं, तेव्हा संशोधकांचा रोख शरीरातल्या बदलांकडे गेला. आणि याच काळात नव्याने लागण झाली तर विषाणूची संख्या पहिल्या काही आठवड्यांत प्रचंड वाढते, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये लाखांच्या घरात जाते. शरीराने अजून प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, बनवलेली नसतात. बाळाला धोका तेव्हा सगळ्यात जास्त. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग जाण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के आहे. वेळेवर औषधं सुरू झाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. पण औषधं सुरू कोण करणार? फाइलमध्ये तर तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट लावलेला आहे.

त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी पुण्याहून किंवा बुऱ्हाणपूरहून इंदूरला येते आणि नवरा आपल्या नोकरीच्या गावी राहतो. डॉक्टर माहेरचे, फाइल माहेरची, जावईबापू बारशाला पाहुण्यासारखे येतात. त्यांना तपासणीला कोण बोलावणार? सासू तर नक्कीच नाही. मग मुलगी अंगावरचं बाळ घेऊन सासरी परतते, नेमकी त्या चौपट जोखमीच्या काळात. चाल चांगली आहे, बाळंतिणीला विसावा मिळतो, मी तिच्या विरोधात नाही. पण जावयाची तपासणी या चालीत कुठेच बसलेली नाही, एवढं खरं.

नवऱ्याचं रक्त गरोदरपणात तपासणं ही काही नवी गोष्टही नाही. बायको आरएच निगेटिव्ह असली की त्याचा रक्तगट बघतात. इंदुरात सिंधी वस्ती मोठी, त्यामुळे थॅलेसेमिया या आईबापांकडून मुलाला येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं नाव इथल्या डॉक्टरांच्या तोंडी नेहमीचं. बायको वाहक निघाली की नवऱ्याला लगेच बोलावतात. त्याचा कुणी अपमान मानत नाही. सिफिलिसचंही तसंच: बायकोला पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन बरं केलं आणि नवऱ्याला सोडलं, तर तिला पुन्हा लागण होते. एचआयव्हीचं नाव काढलं की मात्र माणसं खुर्चीत सरसावून बसतात.

तपासणी आहे तरी काय? सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती फुकट होते, आधी आणि नंतर काउन्सेलर बोलतो. रॅपिड टेस्ट विषाणूला नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांना शोधते. ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात, याला विंडो पीरियड म्हणतात. म्हणून जोखीम ताजी असेल तर पुन्हा बोलावतात.

दुसरी गंमत आकड्यांची आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हजारात दोघं. समजा, एखादी टेस्ट निरोगी माणसाला ९९.५ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. तरी हजारात पाच निरोगी माणसं चुकून पॉझिटिव्ह दिसणार. खरे पॉझिटिव्ह दोन, खोटे पाच! म्हणून एका टेस्टवर कुणालाच पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन टेस्ट जुळल्या, तरच तसा रिपोर्ट मिळतो. खासगी लॅबमधली एक पट्टी बघून ज्यांची झोप उडते, त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता बायको पॉझिटिव्ह निघाली तर? गरोदर असल्यामुळे तपासणी आधी तिचीच होते, आणि ज्याचा रिपोर्ट आधी त्याच्यावर आळ आधी. ‘हिनेच आणलं’ असं म्हणायला घर मोकळं होतं. १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मांडलं, ते याच्या अगदी उलट होतं. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांमध्ये सुमारे १४ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. त्यातल्या बहुतेक विवाहित, नवऱ्याशिवाय दुसरा संबंध नसलेल्या. त्यांची जोखीम त्यांच्या घरातच होती. दोघांची तपासणी एकाच दिवशी, एकाच टेबलावर झाली तर निदान ‘आधी कोण’ हा प्रश्न तरी उरत नाही.

कायद्याने हे ओळखलेलं दिसतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, रिपोर्ट गुप्त. जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टर-काउन्सेलरला काही अटींवर आहे. पण सांगितल्याने मारहाण होईल किंवा बाईला घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बायकांच्या बाबतीत, तर सांगू नये असंही त्यात म्हटलं आहे. कायद्याला आपली घरं चांगलीच ठाऊक आहेत म्हणायची.

नवरा पॉझिटिव्ह निघाला तरी पुढचं चित्र वीस वर्षांपूर्वीसारखं नाही. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा १,७६३ जोडप्यांवरच्या, पुणे आणि चेन्नईही सामील असलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये आला: औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधातून लागण होतच नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. एआरटीच्या, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या भारतात सरकारतर्फे २००४ पासून फुकट मिळतात. निगेटिव्ह जोडीदाराची अधूनमधून तपासणी चालू ठेवायची, आणि नवऱ्याचा विषाणू दबेपर्यंत निरोध.

राहिला प्रश्न नवऱ्यांना केंद्रापर्यंत आणण्याचा. केनियातल्या किसुमूत एक साधी युक्ती करून पाहिली. काही बायकांकडे नवऱ्यासाठी दवाखान्यात तपासणीला बोलावणारी चिठ्ठी दिली, काहींकडे घरी करायच्या टेस्टचे किटच दिले. २०१६ साली छापलेले आकडे असे: चिठ्ठीवाल्या गटात सुमारे ५२ टक्के जोडीदारांची तपासणी झाली, किटवाल्या गटात जवळजवळ ९१ टक्के. म्हणजे पुरुषांना सुईपेक्षा रांगेचं वावडं जास्त असावं.

आमच्याकडे रांगेवर एक उतारा आधीच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. नवरे स्कूटरवरून सोडायला येतात आणि बाहेर मोबाइल बघत बसतात. आयसीटीसीची खोली त्याच आवारात असेल, तर पंधरा-वीस मिनिटांचं काम.

हे सगळं मी भाच्याला एका दमात ऐकवलं नाही. एवढं ऐकून घेणारा भाचा कुणाला असतो? दहा हजारात ८ चा हिशेब तेवढा कागदावर करून दाखवला. त्याने खाली स्वतःच बेरीज करून बघितली, कागद खिशात घातला. पुढच्या ९ तारखेला दुपारी त्याचा फोन आला.

“मावशी, जाऊन आलो. जाँचपेक्षा पार्किंगलाच जास्त वेळ लागला.”

“बरं. मग पोहे-जिलेबी खाऊन घरी जा,” मी म्हटलं. रिपोर्ट काय आला ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.