२७ अंशांच्या पाण्यात हुडहुडी

जानेवारीत मालवणला स्कूबा करून होडीवर परतलेल्या घोळक्यात एक तरी जण हात काखेत खुपसून, दात वाजवत बसलेला दिसतो. होडीवाल्याला त्याचं नवल वाटतं. "पाणी तर उबदार आसा, मगे हो कुडकुडता कित्याक?" प्रश्न रास्त आहे. ऐन थंडीतही इथल्या समुद्राचं पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सियस असतं. एवढ्याच तापमानाच्या खोलीत आपण पंखा लावून बसतो.

फरक हवा आणि पाणी यांच्यात आहे. माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या शरीरात सुमारे १०० वॉट उष्णता तयार होत असते, आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. हवा उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे २७ अंशांच्या हवेत हा जमाखर्च जवळपास जुळतो. पाणी मात्र हवेच्या सुमारे २४ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जी उष्णता लागते, ती एक लिटर हवेच्या हजारो पट असते. म्हणजे अंगाला टेकलेलं पाणी उष्णता ओढतं, स्वतः फारसं तापत नाही आणि लगेच हलून नव्या पाण्याला जागा देतं. उघड्या अंगानं, हालचाल न करता, थंडी न वाजता पाण्यात राहायचं तर ते ३३ ते ३५ अंशांचं हवं. तेवढं गरम पाणी मे महिन्यातही मालवणला मिळत नाही.

तूट सुरू झाली की शरीर आधी हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं. बोटं गार पडतात, पण छाती-पोटाची ऊब टिकते. तेवढ्यानं भागलं नाही की स्नायू थरथरू लागतात. या थरथरीतून उष्णता कित्येक पटींनी वाढते खरी, पण त्यासाठी लागणारा प्राणवायू पाठीवरच्या टाकीतूनच येतो. कुडकुडणाऱ्याची टाकी इतरांच्या आधी संपते.

आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही. थंडीनं आणि पाण्याच्या दाबानं हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराचा समज होतो की रक्त जास्त झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात लघवीला का होते, त्याचं हे उत्तर. अंगातल्या रबरी सूटमध्येच केल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण ती पोटातलीच ऊब कातडीवर आणून समुद्राला दिलेली असते. भाड्याच्या सूटना येणारा वास बरंच काही सांगून जातो.

आता त्या सूटविषयी. काळा, रबरी, अंगात शिरताना घाम काढणारा वेटसूट आपल्याला गरम ठेवतो तो आत शिरलेल्या पाण्याच्या थरामुळे, असं अगदी शिकवणारेही सांगतात. पाणी उष्णता इतकी छान वाहून नेतं, तर त्याचाच थर ऊब कशी राखेल? खरं काम नियोप्रीनमधले बारीक बुडबुडे करतात. हे रबर फेसाळ असतं आणि त्यात वायूचे असंख्य बंद कप्पे अडकलेले असतात. गोधडीत ऊब धरते ती चिंध्यांमध्ये अडकलेली हवा, तसंच हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ओळखलं: पाणबुड्याला कोरडं ठेवायची गरज नाही, सूटच्या कापडात वायू कोंडला की पुरे. आत आलेलं पाणी फक्त सोसायचं असतं.

अट एवढीच की ते पाणी आतच राहिलं पाहिजे. म्हणून सूटच्या जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. सूट चढवल्यावर तीन जागा पाहाव्यात: काख, मान आणि पाठीचा कमरेजवळचा खोलगट भाग. तिथं चिमटीत कापड येत असेल तर पाण्यात प्रत्येक हातवाऱ्यागणिक मानेतून गार पाणी आत येतं आणि पाठीवरून ओघळत जातं. मग ५ मिलिमीटरचा ढगळ सूट ३ मिलिमीटरच्या घट्ट सूटपुढे हरतो. अंगाला खोबरेल चोपडून उतरण्याचा सल्लाही अधूनमधून कानावर येतो. तेल पाण्यापेक्षा मंद वाहक आहे हे खरं, पण कातडीवरचा तो थर इतका पातळ असतो की उपयोग शून्य. डोक्यातून निम्मी उष्णता जाते, हीसुद्धा दंतकथाच. डोक्याचा वाटा त्याच्या आकारमानाएवढाच. तरी टोपी उपयोगी पडते, कारण हातापायांतल्या रक्तवाहिन्यांइतक्या डोक्यातल्या आवळत नाहीत.

बुडबुड्यांवर भिस्त ठेवण्याचा तोटा खोल गेल्यावर कळतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पर्यटक उथळ पाण्यातच असतात. पण आंग्रिया बँक घ्या. विजयदुर्गसमोर किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत असलेलं हे बुडालेलं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव मिरवणारं. त्याचा माथाच २० मीटरच्या आसपास खोल. तिथं दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणजे सूटमधला प्रत्येक बुडबुडा एक तृतीयांश उरतो आणि जाड सूट पातळ होतो. नेमकं जिथं जास्त वेळ थांबावंसं वाटतं, तिथंच पांघरूण विरतं.

खालचं पाणी वरच्याइतकं उबदार असेलच असंही नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर चढतं. केरळ-कर्नाटकात याचा जोर मोठा, उत्तरेकडे तो ओसरत जातो. पावसानंतर मोसम उघडतो तेव्हा वर कोमट आणि खाली गार असे दोन थर लागू शकतात. मग उतरताना मधेच एका हाताच्या अंतरात पाणी बदललेलं जाणवतं.

बर्फाळ समुद्रात वेटसूट पुरत नाही. तिथं ड्रायसूट: मनगटाला आणि मानेला पाणी अडवणारी सील, आत लोकरीचे कपडे, आणि खोल जाताना आत वायू सोडायची सोय. काहीजण त्यासाठी आर्गॉन वापरतात, कारण तो हवेपेक्षा उष्णता कमी वाहतो. उलट फार खोल जाणारे श्वासासाठी हेलियम मिसळतात. तो हवेच्या सुमारे सहापट वाहक, म्हणून तो सूटमध्ये भरत नाहीत. कोकणात यातलं काही लागत नाही.

इथं जास्त थंडी वाजते ती बाहेर आल्यावर, होडीत. ओल्या कातडीवर वारा लागला की पाणी सुकताना एका ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. १०० ग्रॅम पाणी सुकलं आणि ती सगळी उष्णता अंगातूनच गेली, तर ६० किलोच्या माणसाचं तापमान एका अंशाहून जास्त उतरेल. प्रत्यक्षात काही वाटा वारा आणि ऊन उचलतात, तरी हिशेब बोलका आहे. मुलांचं वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, त्यामुळे ती मोठ्यांच्या बरीच आधी गारठतात, खेळण्याच्या नादात सांगतही नाहीत. म्हणून होडीत चढल्याबरोबर फोटो बाजूला ठेवून आधी सूट सोलून काढावा, अंग पुसावं आणि वारा अडवणारं जाकीट घालावं, मग गरम चहा. दारूचा घोट नको. तिनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंग गरम वाटतं आणि उरलीसुरली ऊब वाऱ्यावर जाते. एखादं मूल गप्प झालं, बोलताना अडखळू लागलं किंवा चेनही लावता येईनाशी झाली, तर त्याची दुसरी फेरी रद्द करावी, पैसे भरलेले असले तरी.