टॉम हाउस : वेग नसलेल्या पिचरने उभी केलेली पद्धत

भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन तरुण २००८ मध्ये अमेरिकेत बेसबॉल शिकायला गेले. त्यांना घडवण्याचं काम आलं पिचिंग कोच टॉम हाउस यांच्याकडे. त्यामागे हाउस यांची जवळजवळ चार दशकांची खटपट होती.

हाउस स्वतः डावखुरे रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्यात आधीच्या पिचरच्या (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी येणारे. १९७१ ते १९७८ या काळात ते अटलांटा, बोस्टन आणि सिअ‍ॅटलकडून खेळले. २९ विजय, २३ पराभव. ८ एप्रिल १९७४ ला फलंदाज हँक एरनचा विक्रमी ७१५ वा होमरन (सीमेपार मारलेला फटका) बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, त्यांनीच झेलला, आणि पुष्कळांना ते तेवढ्यापुरतेच आठवतात. चेंडूला वेग मात्र बेताचाच होता. वेगासाठी स्टेरॉइड्स घेतल्याचं त्यांनी २००५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पुढे त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

१९८५ ते १९९२ ते टेक्सास रेंजर्स संघाचे पिचिंग कोच होते. तिथे त्यांनी पिचरांच्या हातात लांबट अमेरिकन फुटबॉल दिला आणि भरपूर टीका ओढवून घेतली. फुटबॉल देण्याचं कारण साधं होतं. बेसबॉल सुमारे १४५ ग्रॅमचा, फुटबॉल ४०० ग्रॅमच्या आसपास. जड चेंडूने खांदा मजबूत होतो. शिवाय कोपर खाली पडलं किंवा मनगट वाकडं वळलं की फुटबॉल हवेत डगमगतो, म्हणजे चूक पिचरला लगेच दिसते. बेसबॉल अशी चुगली करत नाही.

दुसरं साधन टॉवेल. दोन बोटांत टॉवेल धरून पूर्ण अ‍ॅक्शन करायची आणि समोर गुडघ्यावर बसलेल्या जोडीदाराच्या ग्लोव्हवर तो आपटायचा. पुढचा पाय पडतो तिथून टाचेला चवडा लावत सुमारे पाच पावलं मोजून ग्लोव्ह ठेवतात. डोकं बाजूला झुकलं किंवा खांदे लवकर उघडले तर टॉवेल पोचत नाही. चेंडू न टाकता, हाताला ताण न देता सराव होतो, हे याचं खरं मोल.

हाउस यांचा भर आणखी एका गोष्टीवर होता : हात पुढे नेणाऱ्या स्नायूंइतकेच त्याला थोपवणारे, खांद्यामागचे स्नायू महत्त्वाचे. ते कमकुवत राहिले तर दुखापत ठरलेली. पिचर नोलन रायन १९८९ मध्ये रेंजर्सकडे आला तेव्हा बेचाळिशीचा होता. तिथे त्याने आणखी दोन नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता पूर्ण केलेले सामने) टाकले, त्यांतला दुसरा, कारकिर्दीतला सातवा, १ मे १९९१ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी. बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याने हाउस यांचं ऋण मान्य केलं. टीकाकारांना याहून चोख उत्तर नव्हतं.

रिंकू-दिनेशसमोर अडचण वेगळी होती. दोघांकडे जोर होता. पण १८.४४ मीटरवरच्या होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजामागे, बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत उतरत्या माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून), त्याच लयीत, पुन्हा पुन्हा फेकायची सवय शून्य. काही महिन्यांत, नोव्हेंबर २००८ मध्ये, पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. जुलै २००९ मध्ये रिंकू अमेरिकेत व्यावसायिक सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर ठरला. मेजर लीग या सर्वोच्च स्तरापर्यंत मात्र दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. फेक महिन्यांत बसवता येते. फलंदाज ओळखणं आणि बेसवरचा धावपटू रोखणं यायला सामनेच खेळावे लागतात.