एकशे एक वर्षांचं कर्ज आणि उद्याच्या रुपयाची आजची किंमत

बजेटचा मोसम आला की इंदूरच्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मेट्रोला पैसे आहेत, उड्डाणपुलांना आहेत, मग तलावातला गाळ काढायला आणि शेतातली माती सुधारायलाच का नसतात? उत्तरही ठरलेलं असतं: सगळं राजकारण आहे हो! राजकारण असतंच. पण भाषणांच्या बरंच आधी, प्रकल्प अहवालाच्या मागच्या पानांवर एक आकडा बसलेला असतो आणि शेती, वाहतूक, पर्यावरण यांची रांग बरीचशी तोच लावून टाकतो. हा आकडा म्हणजे वटावाचा दर. पुढे कधीतरी मिळणारा रुपया आज किती पैशांचा धरायचा, ते तो सांगतो. मला अर्थशास्त्रातली ही सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोकादायक कल्पना वाटते, आणि ती समजून घ्यायला इंदूरसारखी जागा नाही.

१८७० च्या सुमारास तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत तब्बल १०१ वर्षं. या पैशातून नर्मदेवर पूल झाला, कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढून रूळ आले, आणि १८७० चं दशक संपता संपता इंदूर देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडलं गेलं.

आता शाळेतलं चक्रवाढ व्याज आठवा. साडेचार टक्क्यांनी एक रुपया १०१ वर्षं ठेवला तर त्याचे सुमारे ८५ रुपये होतात. हेच गणित उलटं वाचायचं: १०१ वर्षांनी मिळणाऱ्या ८५ रुपयांची आजची किंमत एक रुपया. म्हणजे मुदतीअखेर परत यायच्या त्या एक कोटीची १८७० मधली किंमत जेमतेम १ लाख १७ हजार रुपये होती. उरलेले जवळपास ९९ लाख दरवर्षी येणाऱ्या साडेचार लाखांच्या व्याजात होते, आणि त्यातही बहुतेक पहिल्या काही दशकांत. कागदावर मुदत शंभर वर्षांची असली तरी हिशेबाच्या नजरेला त्यातली पहिली चाळीस-पन्नास वर्षंच ठळक दिसतात.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. अनेकांना वाटतं की हा सगळा महागाईचा प्रकार आहे. तसं नाही. महागाई शून्य असली तरीही आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा भारी पडतो, कारण आजचा रुपया कामाला लावून वाढवता येतो. महागाई त्यावर वेगळी चढते आणि हिशेबात ती वेगळीच धरावी लागते.

होळकरांचा दर साडेचार होता. आजचा? इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे बाजारात आणले, व्याज ८.२५ टक्के. पैसा कशासाठी, तर जलूदला ६० मेगावॅटच्या सौर वीज प्रकल्पासाठी. त्यामागचं कारण साधं भौतिकशास्त्र आहे. नर्मदेचं पाणी १९७८ पासून इंदूरला येतं ते सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा कडा चढून. जलूद आणि इंदूरच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणी म्हणजे हजार किलो वजन. हजार गुणिले ९.८ गुणिले चारशे, म्हणजे ३९ लाख ज्यूल. एक युनिट वीज ३६ लाख ज्यूलची. पाइपांतलं घर्षण आणि पंपांची तूट शून्य धरली तरी टाकी भरायला एक युनिटहून जास्त वीज नुसती चढणीतच जाते. म्हणून आपलं पाणी मुळात वीजबिल आहे, आणि ते बिल कमी करणारा प्रकल्प पहिल्या वर्षापासूनच पैसे परत करू लागतो. अशा प्रकल्पाला ८.२५ टक्के अजिबात जड जात नाहीत.

पण याच दराने जरा लांबचं बघा. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ९ रुपये २७ पैसे. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची १ रुपया ९० पैसे. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची किंमत चार पैशांहूनही कमी. आता दर १४ टक्के करा. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही: २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणात प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे समाजाला होणारा एकूण फायदा धरून, निदान १४ टक्के असावा अशी अट आहे. चौदा टक्क्यांना तिसाव्या वर्षीचे १०० रुपये आज १ रुपया ९६ पैशांचे उरतात.

दोन काल्पनिक प्रकल्प घेऊ. दोन्हींचा आजचा खर्च १०० कोटी. पहिला रस्त्याचा: पंधरा वर्षं दरवर्षी १८ कोटींचा फायदा (वाचलेलं डिझेल, वाचलेला वेळ), मग तो रस्ता अपुरा पडतो आणि फायदा संपतो. दुसरा माती आणि भूजलाचा: पहिली दहा वर्षं हाती काही नाही, कारण जमिनीतला सेंद्रिय कर्ब सावकाश वाढतो आणि पाणी खडकात सावकाश मुरतं. अकराव्या वर्षापासून साठ वर्षं दरवर्षी १२ कोटी. नुसती बेरीज केली तर रस्ता २७० कोटी देतो आणि माती ७२० कोटी. आता १४ टक्क्यांनी वटवा: रस्ता १११ कोटी, माती २३ कोटी. रस्ता मंजूर, माती नामंजूर. ८.२५ टक्क्यांनी: रस्ता १५२, माती ६५. साडेतीन टक्क्यांनी: रस्ता २०७, माती २१२. प्रकल्प तेच, फायदे तेच, फक्त दर बदलला आणि निकाल फिरला. या हिशेबात कुणाचा डाव नाही, कुणाची लाच नाही.

मातीचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती थरावर थर रचून, वेळोवेळी उलथून, तीनेक महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. ढीग तीन महिन्यांत तयार होतो, पण त्या खताने शेताची पाणी धरून ठेवण्याची ताकद बदलायला कित्येक हंगाम जातात. वटावाचा दर नेमका या संथपणाला दंड करतो.

मग दर लावायचाच कशाला? इथे केंब्रिजचा गणितज्ञ फ्रँक रॅम्झी येतो. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला, पण त्याआधी, १९२८ मध्ये, एक समीकरण मांडून गेला. सोप्या रूपात ते असं: दर म्हणजे दोन गोष्टींची बेरीज. पहिली नुसती अधीरता, ‘मला आत्ता हवं’ ही. दुसरी म्हणजे एक गुणाकार: पुढच्या पिढ्या दरवर्षी किती टक्क्यांनी श्रीमंत होतील, गुणिले श्रीमंताला जादा रुपयाचं मोल किती भरभर कमी वाटतं. नातू आपल्यापेक्षा सुखवस्तू असणार असेल तर त्याच्यासाठी आज गरिबाने पोट मारण्यात न्याय नाही, हा त्या दुसऱ्या भागाचा अर्थ. पहिल्या भागाबद्दल मात्र रॅम्झी ठाम होता: पुढच्या पिढीचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी मोलाचं धरणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे.

हवामानबदलावरचा सगळा मोठा वाद या बेरजेत मावतो. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या ब्रिटिश अहवालात अधीरता ०.१ टक्का, मोल उतरण्याचा आकडा १ आणि वाढ १.३ टक्के धरली. दर आला १.४ टक्के. विल्यम नॉर्डहाउस (नोबेल २०१८) यांनी बाजारातल्या परताव्याशी जुळणारे आकडे घेतले, दर साडेपाच टक्क्यांच्या घरात गेला. एकाचं उत्तर ‘आत्ताच जोरात खर्च करा’, दुसऱ्याचं ‘हळूहळू वाढवत न्या’. विज्ञान दोघांचं जवळपास एकच होतं.

आणि आता मला सर्वांत आवडणारा भाग. हार्वर्डचे मार्टिन वाइट्झमन यांनी १९९८ मध्ये विचारलं: योग्य दर कोणता हे माहीतच नसेल तर? समजा निम्मी शक्यता १ टक्का दराची, निम्मी ७ टक्क्यांची. आपण चटकन सरासरी काढतो, ४ टक्के, आणि शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांना सुमारे २ रुपये ठरवतो. हे चूक आहे. सरासरी दरांची काढायची नसते, त्या दरांनी मिळालेल्या किमतींची काढायची असते. १ टक्क्याने किंमत येते ३७ रुपये. ७ टक्क्यांनी येते अकरा-बारा पैसे. दोन्हींची सरासरी साडेअठरा रुपये. दोनच्या जागी साडेअठरा! साडेअठरा रुपये देणारा एकच दर शोधला तर तो १.७ टक्के निघतो. तेच दहा वर्षांसाठी केलं तर साडेतीन टक्के, पन्नास वर्षांसाठी २.३. जितकं लांब जावं तितका दर सर्वांत कमी शक्यतेकडे घसरत जातो, कारण ७ टक्क्यांच्या शक्यतेत भविष्य इतकं पुसलं जातं की सरासरीत तिचं वजनच उरत नाही. अनिश्चिततेमुळे दूरच्या काळाची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. हा निष्कर्ष भावनेतून आलेला नाही, घातांकी फलनाच्या वक्राचा आकारच तसा आहे.

ब्रिटनच्या अर्थखात्याने हे नियमात आणलं आहे: पहिली ३० वर्षं साडेतीन टक्के, पुढे ७५ वर्षांपर्यंत तीन, मग अडीच, असा उतरता जिना. आपल्याकडे मेट्रोला १४ टक्क्यांची अट. सिंचन प्रकल्पाला लाभ-खर्च गुणोत्तराची वेगळी अट, साधारण दीड, अवर्षणप्रवण भागात एक. प्रत्येकाला वेगळी फूटपट्टी, आणि मग प्राधान्यक्रम ठरला म्हणायचं.

भारत वेगाने वाढतो आहे, म्हणून आपला दर जास्तच असणार, हा आक्षेप खरा आहे. दरडोई वाढ पाच टक्के आणि मोल उतरण्याचा आकडा दीड धरला तर साडेसात टक्के नुसत्या समृद्धीपोटी येतात. पण समृद्धी मोबाइल वाढवते, मोटारी वाढवते. विहिरीतलं पाणी वाढवत नाही. जी गोष्ट वाढत नाही आणि जिची गरज वाढते, तिची किंमत दरवर्षी चढते, आणि ही चढण हिशेबात घ्यायलाच हवी. पाण्याची किंमत महागाई सोडून दरवर्षी ४ टक्क्यांनी चढेल असं धरलं तर ८.२५ टक्के दरानेसुद्धा आज १०० रुपयांचं असलेलं पाणी तिसाव्या वर्षी मिळालं तरी आजच्या ३० रुपयांचं ठरतं, ९ रुपयांचं नाही.

मालव्यात हे डोळ्यांनी दिसतं. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ म्हणणाऱ्या या भागात, इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या देवासला, १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी पोचवावं लागलं. खाली बेसाल्ट आहे. त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्येच काय ते पाणी साठतं, आकारमानाच्या एक ते तीन टक्क्यांइतकं. अशा खडकात तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा सांगणाऱ्या पाणाड्याला पैसे देणं म्हणजे ते पैसे मातीत घालणं. नारळ हलतो तो तळहाताच्या स्नायूंमुळे, आणि उथळ थरात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतंच, म्हणून त्याचं नाव टिकतं. ‘व्हिजन २०४७’ च्या गुळगुळीत पुस्तिकांनाही मी त्याच पंक्तीत बसवीन, जर त्यांत दर आणि मुदत छापलेली नसेल.

देवासमध्ये २००६ नंतर शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत हजारो शेततळी खोदली. पण प्रत्येक शेतकऱ्याला हे जमत नाही आणि त्यामागेही हाच दर आहे. सावकाराकडून महिना दोन टक्क्यांनी पैसे घेणाऱ्याचा वार्षिक दर चक्रवाढीने जवळपास २७ टक्क्यांवर जातो. त्याच्या हिशेबात दहा वर्षांनंतरचे १०० रुपये सव्वानऊ रुपयांचेच. त्याने आज बोअर उपसणं हा मूर्खपणा नाही, त्याच्या दराने तेच बरोबर आहे. कमी दराने, लांब मुदतीचा विचार करू शकणारी एकच थैली असते, सरकारी. तिनेच १४ टक्क्यांची अधीरता अंगी बाणवली तर तळ्यांसाठी कोणी उरत नाही.

मुदतीचं एक सांगायचं राहिलं. अहवालात तीस वर्षांचा तक्ता असेल तर एकतिसाव्या वर्षीचा फायदा शून्य धरला जातो, दर कितीही कमी असो. याची दुसरी बाजू म्हणजे आपली बीआरटीएस, बसगाड्यांसाठी राखून ठेवलेला रस्ता. २०१३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर पाडायला घेतला. म्हणजे काँक्रीटची बांधकामंसुद्धा अहवालातलं आयुष्य पुरं करतीलच असं नाही. रस्त्याला पंधराऐवजी बारा वर्षं मिळाली तर वरच्या हिशेबात साडेतीन टक्क्यांनी त्याचे २०७ चे १७४ होतात आणि माती सरळ पुढे निघते.

प्रकल्प अहवाल माहिती अधिकारात मागता येतात. त्यातलं आर्थिक विश्लेषणाचं प्रकरण उघडून दोनच आकडे शोधा: दर आणि वर्षं. शेती, रस्ते आणि जलस्रोत या तिन्ही खात्यांच्या अहवालांत ते दोन्ही आकडे सारखे नसतील तर त्या खात्यांची आपसात तुलना झालेलीच नाही. राज्याच्या बजेटसोबत एक पानाची पुरवणी असावी, तिन्ही खात्यांना एकच उतरता दर लागू करणारी, पाण्याच्या चढत्या किमतीचा रकाना असलेली, आणि पाझर तलावाच्या तक्त्यात तिसाव्या वर्षापुढच्या ओळीही भरलेली.