सर्व्हर अडतो तो उघड्या फाइलींपायी

साताऱ्यातल्या एका संस्थेत जुन्या नियतकालिकांतला मजकूर शोधून देणारा सर्व्हर आहे. तो अधूनमधून अडायचा. कुणी रॅम वाढवा म्हणालं, कुणी रॅकला लिंबू-मिरची बांधली. मग सर्व्हर बंद करून चालू केला आणि तो चालला! चालणारच. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, संपली की तिने उघडलेल्या सगळ्या फाइली कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मिटवतो. श्रेय मात्र लिंबाला गेलं, आणि अशानेच खरं कारण शोधायचं राहून जातं.

हे कारण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, स्पष्ट लिहिलेलं होतं: 'टू मेनी ओपन फाइल्स', फार फाइली उघड्या आहेत. लिनक्स ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसच्या प्रत्येक उघड्या फाइलीला एक क्रमांक देते. नेटवर्क जोडण्यांनाही याच रांगेतले क्रमांक लागतात. एका प्रोसेसची नेहमीची मर्यादा 1024, म्हणजे 0 ते 1023. त्यातले पहिले तीन इनपुट, आउटपुट आणि चुकांचे संदेश यांसाठी सुरुवातीलाच जातात.

पण शोधायला एवढ्या फाइली लागतात कशाला? इथली रचना मला फार देखणी वाटते. डग कटिंग यांनी लिहिलेल्या लुसीन या शोधाच्या सॉफ्टवेअरवर आजचे बरेच शोध सर्व्हर उभे आहेत. त्यात 'अजिंक्यतारा' या शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आहे याची यादी असते. नवं पान आलं म्हणून जुन्या यादीत खाडाखोड करत नाहीत. नव्या पानांचा वेगळा छोटा इंडेक्स लिहितात. त्याला सेगमेंट म्हणतात. एकेका सेगमेंटच्या अनेक फाइली असतात: शब्दांची वेगळी, स्थानांची वेगळी, मूळ मजकुराची वेगळी. शोध घेताना सगळेच सेगमेंट चाळावे लागतात. मागे छोटे सेगमेंट एकत्र करून मोठा बनवण्याचं कामही चालू असतं, आणि ते होईपर्यंत जुने-नवे दोन्ही उघडे राहतात. मग जुने पुसले जातात.

पुढची गंमत युनिक्सची, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातली त्या सिस्टिमची. फाइल पुसली तरी जाते ती फक्त नाव. कुणी ती उघडून बसलं असेल तोवर आतला डेटा डिस्कवरच राहतो. त्यामुळे फोल्डरमध्ये मोजक्याच फाइली दिसत होत्या, पण उघड्या फाइलींची यादी देणारी 'एलएसओएफ' ही आज्ञा चालवल्यावर त्याच प्रोसेसच्या नावावर 'डिलीटेड' शेरा असलेल्या ओळींमागून ओळी आल्या. जुने सर्चर, म्हणजे इंडेक्स उघडून त्यात शोधणारे प्रोग्रामचे भाग, कुणी बंदच केले नव्हते.

मर्यादा वाढवतानाही लोक फसतात. लिमिट्स डॉट कॉन्फ या मर्यादांच्या फाइलीत 65536 लिहितात, पण ती फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते. लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने चालू केलेली सेवा त्या फाइलीकडे बघतही नाही; सेवेच्या स्वतःच्या युनिट फाइलमध्येच, म्हणजे तिच्या सेटिंगच्या फाइलीत, 'लिमिटएनओफाइल' लिहावं लागतं. मग सिस्टिमडीला ते पुन्हा वाचायला लावणारी डीमन-रीलोड आज्ञा, मग सेवा पुन्हा सुरू. लागू झालेला खरा आकडा चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या 'प्रॉक' फोल्डरात, त्या प्रोसेसच्या 'लिमिट्स' फाइलीत दिसतो.

मर्यादा वाढवल्यावर उघड्या फाइलींच्या संख्येवर मात्र लक्ष ठेवा. ती चढून पुन्हा उतरत असेल, तर आधीची मर्यादाच तोकडी होती. नुसती चढतच राहिली, तर गळती प्रोग्राममध्ये आहे, आणि 65536 सुद्धा एक दिवस भरतील.